फजरनंतरची वाट

रविवारी फजरची नमाज झाली की आमच्या मशिदीच्या पायऱ्यांवर एक गंमत सुरू होते. एरवी नमाज झाली की आपापल्या चपला पायात सरकवून घराकडं निघणारी माणसं त्या दिवशी रेंगाळतात. कुणी पायरीवर बसून बुटाच्या नाड्या आवळतो, कुणी पायजमा मोज्यात खोचतो, कुणी टोपीची घडी करून खिशात ठेवतो. आतले दिवे मालवता मालवता मुअज्जिन साहेब विचारतात, "आज कितने?" आम्ही डोकी मोजतो. कधी सात, कधी अकरा. पाऊस असेल तर तीनच. मग आम्ही निघतो.

आमचा मोहल्ला धाराशिव शहरात, हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्यापासून फार लांब नाही. मोहल्ल्याबाहेर पडायचं, हातलाईचा डोंगर समोर ठेवून तळ्यापर्यंत जायचं, तिथं दम खायचा आणि परत यायचं. परतल्यावर चहा आणि सुशीला. एवढाच आमचा आठवड्याचा कार्यक्रम. आमच्यात एक टेलर आहेत, एक गॅरेजवाले, एक बेकरीवाले, बँकेतला एक शिपाई, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर आणि पोलीस भरतीची तयारी करणारी दोन-तीन पोरं. धावपटू म्हणावं असं कुणी नाही. पोरं सोडली तर आम्ही जे करतो त्याला धावणं म्हणायचं की घाईनं चालणं, यावर घरातल्या बायका अजून हसतात.

सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. २०१९ च्या डिसेंबरात गल्लीतला एक भाई गेला. वय चव्वेचाळीस. रात्री जेवून उठला, छातीत कळ आली, दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी जनाजा निघाला. आपल्यात खांदा देणं हे पुण्याचं काम. प्रत्येक जण पुढं होऊन चार पावलं खांदा देतो आणि मागच्याला जागा करून देतो. पण त्या दिवशी कब्रस्तानापर्यंत जाताना आम्हाला धाप लागली. खांदा देऊन बाजूला झालेली माणसं रस्त्याकडेला गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहत होती. मातीत मूठमूठ माती टाकून परतताना कुणीतरी मोजायला सुरुवात केली. तुला शुगर, मला शुगर, त्याला बीपी, ह्याला दोन्ही. बरोबरीच्या नऊ जणांत सात जण गोळ्या खाणारे निघाले. पंचेचाळिशीच्या मित्राला कब्रीपर्यंत नेण्याएवढाही दम आमच्यात उरलेला नव्हता.

डॉक्टर सगळ्यांना वर्षानुवर्षं सांगतच होते, चाला, वजन उतरवा. एकट्यानं ते होत नाही. चार दिवस चाललं की पाचव्या दिवशी लग्न निघतं, दावत निघते. म्हणून ठरलं, आठवड्यातून एकदा का होईना, पण सगळ्यांनी मिळून. २०२० चा जानेवारी महिना होता. गावात तेव्हा त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. गाव पाहुण्यांनी भरलेलं, आणि आम्ही पहाटे कुणी बघू नये अशा बेतानं अंधारातून चालत होतो. लाज वाटायची. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळंच थांबलं. २०२१ च्या लाटेत आमच्यातला आणखी एक जण गेला. त्याच्या जनाज्याला तर आम्हाला खांदाही देता आला नाही. त्या वर्षाच्या शेवटी पुन्हा जमलो तेव्हा लाज कुठं गेली होती ते कळलंच नाही.

पहिले काही महिने गावानं आमची चेष्टा केली. "क्या जी, सुबू सुबू कहां भागरे? पुलिस पीछे लगी क्या?" आम्हीही हसायचो. पण या विनोदात एक काटा आहे, तो वाचकांना वेगळा सांगायला नको. आपल्यातला तरुण पोरगा धावताना दिसला की बघणारा आधी त्याच्या मागं बघतो, हा कुणापासून पळतोय म्हणून. अंधारात दहा-बारा दाढीवाली माणसं एकत्र पळताना दिसली तर? एका पहाटे एक गाडी आमच्याजवळ येऊन थांबलीच. "कुठं निघालात सगळे?" सर पुढं झाले. म्हणाले, "साहेब, शुगर कमी करायला." आतल्या माणसानं टॉर्च आमच्या पायांवर मारली. कुणाच्या पायात कॅनव्हासचे बूट, कुणाच्या रबरी चपला, एकाच्या तर लग्नातले काळे बूट. तो हसला. म्हणाला, "चपलेवर पळू नका, टाचा जातील. आम्ही भरतीच्या वेळी अनवाणी पळायचो." गाडी निघून गेली. आमच्या छातीतली धडधड मात्र तळ्यापर्यंत कमी झाली नाही, आणि ती धावण्याची नव्हती.

हळूहळू काही नियम पडत गेले. पहिला नियम वेगाचा. शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, एवढंच धावायचं. बोलताना वाक्य तुटायला लागलं की समजायचं, वेग जास्त झाला. सुरुवातीला आम्ही पहिल्या वळणापर्यंत जीव तोडून पळायचो आणि मग ओकाऱ्या काढत बसायचो. दोन मिनिटं धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं करत करत चार महिन्यांनी आम्ही तळ्यापर्यंत न थांबता पोहोचलो. दुसरा नियम ऋतूचा. आमचं घड्याळ फजरचं. थंडीत उजाडायला सात वाजतात, मे महिन्यात पावणेसहाला सूर्य वर असतो आणि आठ वाजता डांबर तापतं. म्हणून उन्हाळ्यात नमाज झाली की एक मिनिट थांबायचं नाही. रमजानमध्ये धावणं बंद. इफ्तारच्या अर्धा तास आधी नुसतं सावकाश चालायचं, आणि ज्यांना शुगरच्या गोळ्या आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही नाही.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. मागं कुणाला सोडायचं नाही. जो पुढं जाईल त्यानं वळून परत यायचं आणि शेवटच्या माणसाला घेऊन यायचं. भरतीची पोरं त्यामुळं आमच्या दुप्पट धावतात. त्यांचा सराव होतो आणि आमची इज्जत राहते. हा नियम कुणी केला ते आठवत नाही, पण आम्हाला त्याचा फार अभिमान होता. होता, असं म्हणतो, त्याचं कारण पुढं येईल.

पलीकडच्या गल्लीतला एक प्लंबर आमच्यात आला तो नवरात्रामुळं. तुळजापूर आमच्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आत. घटस्थापनेच्या आधी गावोगावची पोरं तुळजापूरला ज्योत पेटवतात आणि आळीपाळीनं हातात घेऊन धावत आपल्या गावाला नेतात. कोजागरीला तर सोलापूरकडून, आमच्याकडून माणसांची रांगच्या रांग पायी तुळजापूरला निघते. आम्ही लहानपणापासून हे बघत आलो, रस्त्यावर पाणी वाटत आलो. हे धावणंच आहे आणि आमच्या जिल्ह्यात ते पूर्वीपासून आहे, हे मात्र तो प्लंबर आमच्याबरोबर धावायला लागल्यावर लक्षात आलं. चढाला पावलं आखूड टाकायची, दम जायच्या आधीच हात बदलायचा, हे त्यानं शिकवलं. मध्ये एकदा कुठल्याशा मेसेजवरून वातावरण तापलं होतं. शनिवारी रात्री बाजार लवकर बंद झाला. उद्या जायचं नाही, असं आम्ही न बोलताच ठरवून टाकलं. रविवारी नमाज पढून बाहेर आलो तर हा गडी गल्लीच्या तोंडाशी बूट घालून उभा. "आज नाही का?" एवढंच विचारलं. आम्ही चौघं त्याच्याबरोबर गेलो. त्या दिवशी कुणी फार बोललं नाही, पण वाक्यं तुटत नव्हती.

त्याच्याशी आमची थट्टाही चालते. २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या कागदांवर एक नाव, नव्या पाट्यांवर दुसरं. आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून जुनंच येतं. एका रविवारी चहा पिताना तो म्हणाला, "चाचा, शेळीचं काय? ती अजून उस्मानाबादीच आहे." खरंच आहे. काळी, काटक, बहुधा जुळी पिल्लं देणारी ही जात देशभर त्याच नावानं ओळखली जाते. बेकरीवाले म्हणाले, "वो बकरी को कौन पूछेगा बाबा, वो तो दोनों तरफ से कटती." सगळे हसले. मग थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

चहाच्या वेळी सर काही ना काही सांगतात. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेंनी २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सोनं मिळवलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांचा चहा दिला. एकदा कुणीतरी विचारलं, "सर, दीन में भागने का कुछ है क्या?" सर म्हणाले, "हाजी लोकांना विचारा." आमच्यातले एक जण उमरा करून आलेले. त्यांनी सईचं सांगितलं. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात फेरे, सगळे मिळून तीन किलोमीटरच्या आसपास. मध्ये हिरव्या दिव्यांचा पट्टा येतो, तिथं वेग वाढवायचा. तान्ह्या हजरत इस्माईल (अ.) यांच्यासाठी पाणी शोधत हजरत हाजरा याच वाटेवरून धावल्या होत्या, त्याची ही आठवण. सर म्हणाले, "आणि त्या पट्ट्यात धावतं कोण?" हाजी साहेब म्हणाले, "मर्द. बायकांनी तिथं चालायचं, असा रिवाज आहे." सर काही बोलले नाहीत. चहाचा कप बशीत ठेवला फक्त. आम्हालाही तेव्हा त्यात बोलण्यासारखं काही दिसलं नाही.

आता ती गोष्ट सांगितली पाहिजे. २०२३ च्या डिसेंबरातला रविवार. नमाज पढून बाहेर आलो तर मशिदीच्या समोरच्या भिंतीशी टेलरभाईंची थोरली मुलगी उभी. सलवार-कमीज, वरून भावाचं स्वेटर, डोक्याला घट्ट बांधलेली ओढणी आणि पायात भावाचेच बूट, एक नंबर मोठे. बारावी झालेली, पोलीस भरतीचा अर्ज भरणार होती. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात निम्मे मिळाले नाहीत तर लेखी परीक्षेचं नावच नको. हे सगळं तिनं आम्हाला एका दमात सांगितलं. म्हणाली, "चाचा, मैं पीछे पीछे आऊंगी. आपको तकलीफ नै दूंगी."

आम्ही तिला रागावलो नाही. रागावलो असतो तर निदान तिला भांडता आलं असतं. आम्ही फार प्रेमानं बोललो. बेटी, अंधार आहे. बेटी, रस्त्यावर कुत्री असतात. बेटी, लोक काय म्हणतील, तुझ्या अब्बांचा विचार कर. तिचे अब्बा तिथंच होते. ते बुटाची नाडी बांधत खाली बघत राहिले. एक जण म्हणाला, घरच्या गच्चीवर सराव कर. दुसरा म्हणाला, पुढं बघू, बायकांसाठी काहीतरी वेगळं करू. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, "जी चाचा" म्हणाली आणि घरी गेली. आम्ही तळ्याकडं निघालो. त्या दिवशीही पुढं गेलेली पोरं वळून परत आली आणि शेवटच्या माणसाला घेऊन गेली. नियम आम्ही पाळला. भिंतीशी राहिलेली मुलगी त्या नियमात बसते, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ती सहा महिने गच्चीवर धावली. टेलरभाईंच्या घराची गच्ची ती केवढी! एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला वाळत घातलेले कपडे. दर पंधरा-वीस पावलांनी वळायचं. खालच्या भाडेकरूंनी तक्रार केली तेव्हा अनवाणी धावायला लागली. २०२४ च्या जूनमध्ये बकरीद झाली आणि दोनच दिवसांनी राज्यात मैदानी चाचण्या सुरू झाल्या. ती गेली. गोळाफेक बरी झाली, शंभर मीटरही ठीक. आठशे मीटरमध्ये मात्र पहिल्या दोनशेतच जीव तोडून पळाली आणि शेवटी चालत आली. दम कसा राखायचा, ते गच्चीवर कळत नाही. सपाट लांब रस्त्यावर कुणाच्या तरी बरोबरीनं धावल्याशिवाय ते कळतच नाही. आम्हाला ते माहीत होतं. चार महिने ओकाऱ्या काढून आम्ही तेच शिकलो होतो.

पुढच्या रविवारी टेलरभाई आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आले, पण सगळ्यांच्या मागून एकटेच चालत राहिले. चहाच्या वेळी सरांनी एक हदीस सांगितली. सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. प्रवासात पैगंबर साहेबांनी (स.) सोबतच्या लोकांना पुढं जायला सांगितलं आणि हजरत आयशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली. हजरत आयशा जिंकल्या. काही वर्षांनी त्यांचं अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा पैगंबर साहेब जिंकले आणि हसून म्हणाले की मागची फेड झाली. सर म्हणाले, "मी ही हदीस शाळेत तीस वर्षं सांगितली. पोरं हसायची, मीही हसायचो. त्या दिवशी भिंतीशी ती पोरगी उभी होती तेव्हा मला ती आठवली नाही. मीही तिला कुत्र्यांचीच भीती घातली." टेलरभाई उठून बाहेर गेले. आम्ही कुणी त्यांच्या मागं गेलो नाही. काय बोलणार होतो?

२०२४ चा ११ ऑगस्ट. रविवारच होता. सकाळी धावून आलो आणि दुपारी टेलरभाईंच्या दुकानात मोबाईलवर पॅरिसची बायकांची मॅरेथॉन लागली होती. इथिओपियात जन्मलेली, पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून नेदरलँड्समध्ये गेलेली सिफान हसन शेवटच्या वळणावर पुढं आली आणि अवघ्या तीन सेकंदांनी जिंकली. २ तास २२ मिनिटं ५५ सेकंद, ऑलिंपिक विक्रम. पदक घेताना तिच्या डोक्यावर हिजाब होता, तो फोटो दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये होता. सर म्हणाले, चाळीस वर्षांपूर्वी, १९८४ मध्ये, मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्किलनं अडथळ्यांच्या शर्यतीत सोनं मिळवलं होतं. १९९२ मध्ये अल्जीरियाची हसीबा बुलमरका पंधराशे मीटर जिंकली आणि अर्ध्या चड्डीत धावली म्हणून तिला धमक्या आल्या. आमच्या उस्मानाबादचीच सारिका काळे खो-खोत भारताची कर्णधार झाली, २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. मोहल्ल्यात तिचा फोटो सगळे कौतुकानं दाखवतात. दुसऱ्यांच्या लेकींचं कौतुक करायला आपल्याला कधीच अडचण पडत नाही.

त्या महिन्यात बायका यायला लागल्या. आम्ही काही केलं, असं म्हणायला जागा नाही. बेकरीवाल्या भाभींना शुगर निघाली आणि त्यांनी आम्हाला विचारलंच नाही, सरळ निघाल्या. त्यांच्याबरोबर सरांची सून, मग टेलरभाईंची धाकटी. आमच्या मागं पन्नास पावलांवर त्या असतात. काहींना ते आवडलं नाही. दोघांनी येणं बंद केलं, मशिदीत थोडी कुजबुज झाली, अजूनही होते. आम्ही वाद घालत नाही. कुजबुज करणाऱ्यांच्या घरातल्याही एक खाला आता अधूनमधून येतात.

थोरल्या मुलीचं २०२५ च्या सुरुवातीला सोलापूरला लग्न झालं. चांगलं घर आहे, जावई चांगला आहे. बकरीदला माहेरी आली होती. रविवारी पहाटे पायऱ्यांवरून उतरलो तर त्याच भिंतीशी उभी. या वेळी बूट तिचे स्वतःचे होते. कुणी काही विचारलं नाही, कुणी कुत्र्यांचं नाव काढलं नाही. सगळे निघालो. सोलापुरात ती सकाळी धावते, हे आम्हाला तिथं कळलं, रस्त्यावर. भरतीच्या पोरांच्या बरोबरीनं ती पुढं गेली आणि वळणापलीकडं दिसेनाशी झाली.

त्या दिवशी सगळ्यात मागं टेलरभाई होते, आणि त्यांच्याबरोबर आम्ही दोघं-तिघं. गुडघे दुखत होते. अजून उजाडायचं होतं, हातलाईचा डोंगर नुसता काळा दिसत होता. तेवढ्यात समोरून पावलांचा आवाज आला. ती परत येत होती. जवळ येऊन तिनं अब्बांच्या बाजूनं पावलं आखूड केली आणि म्हणाली, "चलो अब्बा. चाचा, चलो. बोलते बोलते चलो."

आम्ही बोलायचा प्रयत्न केला. वाक्य तुटत होतं. वेग तर तिनं आमच्यासाठी कमी केला होता.